दिवा हिरवाच होता

स्टॉकहोम, १२ जानेवारी

मावशी,

तू म्हणतेस फोनवर मी नुसती हो-हो करते, म्हणून लिहायला बसले. तूवा पाळण्यात झोपलीय. उठली की पत्र तिथंच तुटेल, समजून घे.

मला त्या प्रशिक्षणात जागा मिळाली. खरंच मिळाली. अर्लँग म्हणून भाषा आहे, कॉम्प्युटरला कामं सांगायची. इथंच जन्मली म्हणे, टेलिफोनवाल्यांकडे, लोक बोलत असताना लाइन तुटू नये म्हणून. दरवर्षी वसंतात तिचं संमेलन भरतं. लांबलांबून माणसं येतात. आणि त्याआधी हिवाळाभर दुपारी शिकवतात. प्रत्येक वर्गात एक खुर्ची फुकट ठेवतात, ज्याला यातलं काही येत नाही अशा माणसासाठी. यंदा त्या खुर्चीवर मी.

मावशी, मी नववीनंतर शाळा सोडलेली. बाकीचे सगळे शिकलेले. पहिल्या दिवशी नावं सांगायची होती तर माझ्या तोंडातून माझंच नाव निघेना. शिकवणारा स्टेलान म्हणून आहे, पन्नाशीचा, लोकरीचा फाटका स्वेटर घालतो. तो म्हणाला, "काही घाई नाही. आपण कॉफी घेऊ, तोवर आठवेल." सगळे हसले. वाईट नव्हते हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मुद्द्याचं. वर्गात प्रत्येकानं काहीतरी बनवायचं आणि एप्रिलच्या संमेलनात उभं राहून दाखवायचं. ज्याचं चांगलं, त्याला स्टेलानच्या कंपनीत एक वर्ष पगारी शिकाऊ जागा. एकच जागा आहे. मला ती हवीय. ती मिळाली तर हागसेत्राची ही दुसऱ्याच्या नावावरची खोली सोडता येईल. घरमालकीण आली की मी तूवाला घेऊन जिन्यात जाऊन उभी राहते, माहितीय ना तुला. ते तरी बंद होईल.

तूवाचं मी तिकडे कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही.

तुझी लोविसा


युनसेले, २० जानेवारी

पोरी,

पत्र आलं. वाचून दोनदा चष्मा पुसला.

मूल लपवायचं कशाला गं? तू काय चोरून आणलंयस? या देशात बाप्ये गाड्या ढकलत हिंडतात पोरांच्या, आणि तू लपवतेस. तुझी आई गेल्यावर मी तुला उघड्या डोळ्यांनी वाढवली, गावासमोर. लग्न न झालेली बाई आणि काखेत पोर. लोक बोलले. बोलून थकले.

ती भाषा काय आहे ते मला कळलं नाही आणि कळून करायचंय काय. पण तू फोनवर म्हणालीस त्यांचं एक ब्रीद आहे, "मरतोय तर मरू दे." ते काय आहे? असलं ब्रीद कुणाचं असतं? शाळेच्या स्वयंपाकघरात तीस पोरांची रांग असताना मी असं म्हणाले असते तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

इथं थंडी कडक आहे. बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत आलाय. बेंग्ट टपाल घेऊन येतो तेव्हा थोडं उकरून जातो. त्याला मी शाळेत पहिलीपासून जेवण वाढलंय, अजून मला "वाढणारी बाई" म्हणतो.

तुझी मावशी
गुद्रुन


स्टॉकहोम, ९ फेब्रुवारी

मावशी,

सोबत खोका पाठवतेय. त्यात मनगटावर बांधायचा पट्टा आहे आणि एक डबी. डबी स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेव, बटण दाबू नकोस, बटण पट्ट्यावर आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. "मरू दे" म्हणजे असं. या भाषेत एका मोठ्या कामाला एकच मोठा माणूस ठेवत नाहीत. हजारो छोटे कामगार ठेवतात. कुणी कुणाच्या खिशात बघायचं नाही, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या. एखादा अडखळला तर त्याला डागडुजी करत बसायचं नाही. त्याला मरू द्यायचं. वर एक मुकादम असतो, तो लगेच तिथं नवा उभा करतो. त्यामुळे बाकीच्यांचं काम थांबत नाही.

स्टेलाननं त्याचा खेळच मांडला. सगळ्यांना खोलीत उभं केलं. मी कॉफी देणारी कामगार. चिठ्ठी आली की कॉफी द्यायची. मी दोनतीन जणांना दिली आणि स्टेलाननं माझ्या खांद्याला हात लावला, "लोविसा, तू मेलीस. आडवी हो." मी गालिच्यावर आडवी झाले. मुकादम होती ती फिनलंडची बाई, तिनं वर्गातल्या योआकिमला ढकललं, "जा, आता तू कॉफीवाला."

योआकिम म्हणतो, "पण कुणाची कॉफी राहिलीय? हिला विचारू का?"

"मेलेल्याला काय विचारतोस!" स्टेलान म्हणाला. "ज्याला हवीय तो पुन्हा मागेल."

सगळे खूप हसले. मी पण हसले, आडवी पडून. पहिल्यांदा त्यांच्यात हसले.

तर मी तुझ्यासाठी हे बनवलंय. तू पट्ट्यावरचं बटण दाबलंस की इकडे कामगाराला चिठ्ठी येते आणि तो माझा फोन वाजवतो. माझ्या फोनवर एक दिवा आहे. हिरवा म्हणजे सगळं चालू. लाल म्हणजे बंद. तुला तिथं एकटीला सोडून आल्यापासून मला रोज भीती वाटते, तू जिन्यावरून पडलीस, तू चूल तशीच ठेवलीस. आता मी दिवा बघेन.

नक्की बांध. नाटक करू नकोस.

लोविसा


युनसेले, १६ फेब्रुवारी

पोरी,

बांधला. हातकडी घातल्यासारखं वाटतंय पण बांधला.

विणता विणता बटण दाबलं आणि तुझा फोन आला, तेव्हा मी दचकून टाका सोडला. तू इतकी खुश होतीस की मला वाटलं परत एकदा टाका सोडावा. बेंग्टला दाखवलं. तो म्हणाला, "गुद्रुन, आता तुम्ही मोठ्या माणसासारख्या दिसता, अंगावर यंत्र."

चांगलं केलंस. मला कुणी असं काही बनवून दिलेलं नाही आजवर. हे मी पत्रातच लिहू शकते, तोंडावर नाही.

पण रविवारचा फोन सोडू नकोस. बटण ते बटण, फोन तो फोन.

मावशी


स्टॉकहोम, १४ मार्च

मावशी,

रागावली असशील. रविवार कसे निघून जातात कळत नाही. वर्ग, मग तूवाला पाळणाघरातून आणायचं, तिचे कान दुखतात, रात्री ती रडते, मी कॉम्प्युटरसमोर. पण मी रोज दिवा बघते, उठल्यावर सगळ्यात आधी. हिरवा असतो. म्हणजे तू बरी आहेस हे मला कळतं, म्हणून काळजी नाही करत. आधी फोन करायचे तेव्हासुद्धा हेच विचारायचे ना, बरी आहेस का?

स्टेलान म्हणाला माझं काम स्वच्छ आहे. मला कुणी स्वच्छ म्हटलेलं नाही कधी.

संमेलन झालं की बसनं येते तुझ्याकडे तूवाला घेऊन.

लोविसा


युनसेले, २ एप्रिल

लोविसा,

अक्षर वाकडं आहे, पेन खराब आहे. थोडक्यात लिहिते.

मी बरी आहे. बेंग्ट लाकडं आणून देतो. बर्फ उतरायला लागलाय, छपरावरून धपाधप पडतो.

तो पट्टा मी सध्या फळीवर ठेवलाय. चामडीला खाज येते.

एक विचारायचं होतं. तुझा तो दिवा मार्चच्या शेवटीसुद्धा हिरवाच होता का गं? सगळा वेळ? असंच विचारलं. असू दे.

तूवाच्या कानाला गरम कापूस धर.

मावशी


स्टॉकहोम, २४ एप्रिल

मावशी!

हो, दिवा हिरवाच होता, एकदाही लाल झाला नाही! तेच तर मी सगळ्यांना सांगितलं. पण थांब, आधीपासून सांगते, नाहीतर गोंधळ होईल.

संमेलनाच्या दिवशीच पाळणाघर बंद निघालं. बायांची बैठक. नोटीस दारावर होती, मी वाचली नव्हती. मला रडू फुटलं. मग काय, तूवाला बाबागाडीत घातलं, लोकरी पिशवीत गुंडाळलं आणि घेऊन गेले. ती रस्त्यातच झोपली. मी गाडी सभागृहाच्या मागच्या खिडकीखाली लावली, वाऱ्याच्या आडोशाला, आवाज ऐकायचं यंत्र खिशात, आणि आत खिडकीजवळ बसले. कुणाला काही कळलं नसतं. आपल्याकडे सगळीच पोरं गाडीत बाहेर थंडीत झोपतात, कोण बघतं?

तर एक पाहुणा, अमेरिकेहून आलेला, टेक्ससचा, सिगरेट ओढायला मागं गेला. त्याला गाडी दिसली. बाहेर थंडी, गाडीत जिवंत पोर, माणूस कुणी नाही! तो गाडी ढकलत सरळ मधल्या दारातून सभागृहात आला, घामाघूम, आणि ओरडला, "कुणीतरी बाळ टाकून गेलंय! पोलिसांना बोलवा!"

मंचावर एक पोलंडचा माणूस बोलत होता, तो गप्प झाला. शेकडो डोकी वळली. आमची माणसं त्याच्याकडे बघतायत, याला झालं काय म्हणून. एकजण म्हणाला, "अरे बाबा, झोपलंय ते. बाहेर ठेव परत, उठेल."

आणि तूवा उठली. गळा काढला. मला उभं राहावं लागलं. सगळ्यांसमोर त्या खुर्च्यांच्या रांगेतून "माफ करा, माफ करा" करत गेले. कान इतके तापले होते की वाटलं पेटतील. तो टेक्ससवाला बिचारा माझी माफी मागतोय, मी त्याची. स्टेलान बघत होता. मनात म्हटलं, संपलं. खोटारडी ठरले.

जेवणाच्या सुट्टीत तो आला. म्हणाला, "सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "भीती वाटली." तो म्हणाला, "कशाची?" मग त्यानं तूवाला दालचिनीच्या पावाचा तुकडा दिला आणि माझी पाळी आली तेव्हा तिला स्वतः मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला.

मी बोलले मावशी. पट्टा दाखवला, दिवा मोठ्या पडद्यावर लावला. योआकिमला म्हटलं, ये आणि माझा कामगार मारून टाक. त्यानं मारला. दिवा हिरवाच. पुन्हा मार. हिरवाच. मी बटण दाबलं, माझा फोन वाजला. मी म्हटलं, "माझी मावशी लांब उत्तरेत एकटी राहते. फेब्रुवारीपासून हे तिच्याकडे आहे. एकदाही बंद पडलेलं नाही." टाळ्या! उभं राहून टाळ्या! मागं कुणीतरी शिट्टी वाजवली.

नंतर एक बाई भेटली. ती एका गावच्या वृद्धाश्रमाचं बघते. तिला जूनपासून हेच लावायचंय, तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना. स्टेलान म्हणाला, "जागा कुणाची ते मी अजून बोलत नाही, पण चेहरा असा पाडू नकोस."

तू परत बांध गं तो पट्टा. आत फडकं लाव म्हणजे खाजणार नाही.

तुझी, आज घाबरलेली नाही अशी
लोविसा


युनसेले, २ मे

लोविसा,

हे पत्र बसून वाच.

मी गप्प राहणार होते. तुला जागा मिळू दे, मग कधीतरी सांगेन किंवा नाही सांगणार असं ठरवलं होतं. पण तू त्या वृद्धाश्रमाचं लिहिलंस आणि मला झोप लागेना. तिथं माझ्यासारख्या असतील ना.

मार्चच्या शेवटी मी टेकडीतल्या कोठारात बटाटे काढायला गेले. सकाळी. उंबऱ्याशी बर्फ गोठलेला होता, पाय सरकला आणि मी आत, खाली, फरशीवर. उजवं मनगट मोडलं. कंबरेतून उठता येईना. अक्षर वाकडं होतं ते पेनामुळे नव्हतं, डाव्या हातानं लिहीत होते.

पट्टा डाव्या हातावर होता. हनुवटीनं बटण दाबलं. म्हटलं, आता पोरीचा फोन येईल, कुणाला तरी पाठवेल. काही झालं नाही. थोडं थांबून परत दाबलं. परत दाबलं. किती वेळा ते मला विचारू नकोस. बटाट्यांच्या वासात पडून मी बटण दाबत होते आणि तुझ्याशी बोलत होते. आधी प्रेमानं, मग शिव्या देत.

दुपारी उशिरा बेंग्ट टपाल घेऊन आला. बाहेर माझी बर्फावरची ढकलगाडी उभी, कोठाराचं दार उघडं, म्हणून त्यानं हाक मारली.

आता जे लिहितेय ते कुणाला दाखवू नकोस. मी भिजले होते. इतका वेळ धरवलं नाही. आणि ज्या पोराला मी पहिलीत सूप वाढलं, त्यानं मला तशी उचलली, तशी गाडीत बसवली. सीटवर आपला कोट पसरला आणि रस्ताभर रेडिओ मोठा लावला. त्यापेक्षा काही बोलला असता तर बरं होतं. आता तो टपाल पेटीत टाकून जातो, दार वाजवत नाही. त्याला माझी लाज वाटते की मला त्याची, कुणास ठाऊक.

म्हणून लपवलं मी. तुझ्यासाठी म्हणून नव्हे. ते चांगलं दिसलं असतं, पण खरं नाही. मला माझीच शरम वाटत होती.

मावशी


स्टॉकहोम, ६ मे

मावशी,

काय लिहू. पत्र वाचलं आणि तूवाला घेऊन जमिनीवर बसून राहिले. फोन केला तर तू उचलला नाहीस. बरोबर केलंस.

मी शोधलं काय झालं ते. कोठार मातीच्या पोटात आहे, तिथून तुझी चिठ्ठी पूर्ण बाहेर येत नव्हती. अर्धीच येत होती. माझ्या कामगाराला अर्धी चिठ्ठी वाचता येत नाही, मी शिकवलंच नव्हतं. तो वाचायला गेला आणि मेला. मुकादमानं लगेच नवा उभा केला. नव्याला काहीच माहीत नाही, कोण बोलावतंय, कशाला. त्याचे हात रिकामे. तू परत दाबलंस. त्यानं अर्धी चिठ्ठी वाचली, तो मेला. परत नवा. तू जितक्या वेळा दाबलंस तितके माझे कामगार आले आणि मेले, मावशी, आणि मुकादम मजेत होता, कारण जागा रिकामी राहिली नाही. दिवा मुकादमाचा होता. म्हणून हिरवा.

त्याच मुकादमाला मी मंचावर उभं करून टाळ्या घेतल्या.

दुरुस्त कसं करायचं ते मला आता कळतंय. चिठ्ठी अर्धी असली तरी आली हे आधी कुठंतरी टिपून ठेवायचं, कामगार मेला तरी ते मरता कामा नये. पण ते नंतरचं. आधी त्या बाईला सांगायला हवं. आणि या महिन्याच्या शेवटी अर्लँगवाल्यांची बैठक असते, तिथंही सांगायला हवं, कारण माझं बोलणं चित्रफितीत सगळीकडे गेलंय, लोक तसंच बनवतायत. एकानं मला आभाराचं पत्र पाठवलंय, आईला बसवलं म्हणून. आईला!

मला भीती वाटते. सांगितलं तर जागा गेली. स्टेलान कसा ठेवेल मला? आणि नाही सांगितलं तर... ते वाक्य मला पुरं करवत नाही.

तुझं नाव घ्यावं लागेल. तू म्हणशील तरच.

लोविसा


युनसेले, ११ मे

लोविसा,

सांग. पडले ते सांग, हात मोडला ते सांग, कोठार सांग. नावानिशी सांग, गुद्रुन म्हणून, म्हणजे कुणाला गोष्ट वाटणार नाही.

भिजल्याचं सांगायचं नाही.

फोन मी उचलला नाही कारण एका हातात प्लास्टर आणि दुसऱ्या हातात दुधाचं भांडं होतं. सगळ्याचा अर्थ लावत बसू नकोस.

मावशी


स्टॉकहोम, २८ मे

मावशी,

सांगितलं.

त्या बाईला आधी सांगितलं, फोनवर. ती म्हणाली, "आता सांगितलंस ते बरं केलंस," आणि ठेवला. त्यांनी ते रद्द केलं.

मग बैठक. ती संमेलनासारखी नसते, एका कंपनीच्या जेवणघरात पन्नासेक माणसं, पिझ्झा आणि बिअर. तूवाला घेऊन गेले, या वेळी दारातून. योआकिम म्हणाला, "अरे, आमची स्टार आली! आज कुणाला मारायचं?"

मी उभी राहिले आणि कागदावर लिहिलेलं वाचलं. वर बघून बोलता आलं नसतं. गुद्रुन, बटाट्यांचं कोठार, हनुवटीनं बटण. तू सांगू नको म्हणालीस ते सांगितलं नाही.

कुणी खात नव्हतं. पिझ्झा थंड झाला.

मग ते सुरू झाले, तुला माहितीय ना शिकलेली माणसं कशी असतात. एक म्हणाला, मुकादमाला मर्यादा घालायची होतीस, थोड्याच वेळात इतके कामगार मेले तर त्यानंही हार मानायची. मी म्हटलं, घातली होती, पण मावशी थांबून थांबून दाबत होती, ती म्हातारी आहे, तिची दमछाक होत होती, म्हणून मर्यादा कधी ओलांडलीच नाही. तो खाली बसला. दुसरा म्हणाला, चिठ्ठीची पोच का नाही ठेवलीस. मी म्हटलं, सुचलं नाही. तिसरा काही म्हणणार होता, पण मागं एक म्हातारा बसला होता, ही भाषा नवी होती तेव्हापासूनचा, तो सहसा बोलत नाही म्हणे. त्यानं हात वर केला.

"मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "ती पडली तेव्हापासून तुला कळेपर्यंत महिना गेला. तू या महिन्यात तिला फोन का केला नाहीस?"

मी म्हटलं, "दिवा हिरवा होता म्हणून."

एवढंच. दुसरं काही नव्हतंच सांगायला. तोवर मला वाटत होतं माझी चूक त्या कामगारात आहे. तिथं उभी असताना, तूवा माझी पँट ओढत असताना, कळलं की ती त्यात नव्हतीच. मी तुला दिवा करून टाकलं होतं. हिरवी मावशी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. योआकिम त्याच्या बिअरच्या डब्याकडे बघत बसला. मी तूवाला उचललं आणि निघाले. स्टेलान माझ्यामागं जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "लोविसा, थांब." मी थांबले नाही.

तो तेव्हापासून फोन करतोय. मी उचलत नाही. काय म्हणेल ते मला माहितीय. नीट माणूस आहे, नीट शब्दांत म्हणेल, आणि ते नीट शब्द मला ऐकवणार नाहीत. जागा योआकिमला जाईल. त्याचं कामही चांगलं आहे.

तुझी माफी मागायला मी अजून पत्रात शब्द शोधतेय. सापडले की लिहीन.

लोविसा


युनसेले, ४ जून

पोरी,

काल माझा फोन वाजला. अनोळखी आवाज, स्टॉकहोमचा. "मी स्टेलान बोलतोय." मी म्हटलं, "बोला." मग म्हणाला, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" मी म्हटलं, "हवेसाठी फोन केलायस का? कामाचं बोल."

माझा नंबर त्यानं तुझ्या अर्जावरून घेतला होता. त्यानं माफी मागितली. खेळात वर्गाला "पुन्हा मागेल" असं मीच शिकवलं होतं, म्हणाला, इतकी वर्षं हसत हसत शिकवतोय. मी मागत होते ना परत परत, हे त्याला झोपू देत नाही म्हणे. मी म्हटलं, मलाही त्या कोठारात झोप आली नव्हती. तो हसला नाही. बरा माणूस वाटला.

मग म्हणाला, "ती फोन उचलत नाही. मला काळजी वाटते. ती प्रत्येक गोष्टीला इतकी भिते की हे काम तिला झेपेल का असं वाटतं."

इथं माझं डोकं फिरलं, लोविसा. मी म्हटलं, "ऐक. ही पोर सशासारखी भिते, मला माहितीय, मी वाढवलीय. पण तुझ्याकडे टाळ्या वाजवणारे शेकडो होते आणि त्यातल्या एकालाही भीती वाटली नाही. एकानंही विचारलं नाही की म्हातारीनं खरंच कधी दाबलं का. म्हाताऱ्यांच्या मनगटाला बांधायच्या गोष्टी बनवायला तुला न भिणारी माणसं हवीत का? मग ठेव ती तुझ्याकडे, आणि मला ते पाठवू नकोस."

आणि बोलण्याच्या भरात मी ते पण सांगून बसले. भिजल्याचं. मलाच कळलं नाही कधी तोंडातून गेलं. अनोळखी पुरुषाला, फोनवर! तो म्हणाला, "माझ्या वडलांचंही तसंच झालं होतं." इतकंच म्हणाला.

ठेवल्यावर मला भारी लाज वाटली. तुझ्या कामात नाक खुपसलं, आणि वर ते. स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच लाल झाले. पण बोललेलं परत घेणार नाही.

संध्याकाळी बेंग्टच्या घरी गेले, आपल्या पायांनी, त्याचा कोट धुवून घेऊन. त्याच्या बायकोनं कॉफी टाकली. कोटाबद्दल कुणी बोललं नाही. आज सकाळी त्यानं दार वाजवलं.

माफीचे शब्द शोधू नकोस. रविवारी बोल माझ्याशी, मी तुला रागावेन, तू ऐकून घे, मग झालं.

आणि त्या माणसाचा फोन उचल. तो काय म्हणणार आहे ते मी लिहिणार नाही, ते त्याचं त्यानं सांगावं. फोन ठेवताना त्यानं मला विचारलं, तूवाचं पाळणाघर सकाळी किती वाजता उघडतं. मी म्हटलं, मला काय ठाऊक, तिलाच विचार.

मावशी